बुडी कोठें घ्यावी?

खानदेशांतील मनुष्यास समुद्राच्या तळाचें वेड लागावें, ही गोष्ट प्रथमदर्शनीं विचित्र वाटते. आमच्या अमळनेरास पाणी म्हणजे बोरी नदी, आणि तीही उन्हाळ्यांत पाण्यापेक्षां वाळूचेंच दर्शन अधिक देणारी. परंतु गेल्या दिवाळीपूर्वीं आमच्या पुतण्यानें चार दिवसांच्या रजेंत समुद्रांत बुडी घेऊन येण्याचा बेत घरांत मांडला, आणि "काका, जागा तुम्हीच सुचवा," असा भार आमच्यावर टाकला. आम्ही इतिहासाचे वाचक; पोहण्याशीं आमचा संबंध काय तो बोरीच्या डोहापुरता. तथापि नकाशे व टिपणें समोर घेऊन बसल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न मुळांत आमच्याच विषयाचा आहे. पश्चिम किनाऱ्यावर पाठीशीं हवेचें नळकांडें बांधून बुडी घेण्यास ज्या जागा आज योग्य मानल्या जातात, त्यांतील कित्येक मराठी आरमाराच्या व फुटलेल्या गलबतांच्या इतिहासांत पूर्वींच येऊन गेल्या आहेत; आणि हा निव्वळ योगायोग नव्हे.

केवळ अंतर पाहावयाचें तर आम्हांस जवळचा समुद्र सुरतेचा. बोरी तापीस मिळते आणि तापी सुरतेच्या खालीं समुद्रास. सतराव्या शतकांत सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा मोठा व्यापारी रस्ता नवापूर, नंदुरबार, सिंदखेड, थाळनेर, चोपडा असा आमच्याच मुलखांतून जात असे. फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये यानें तो वर्णिला आहे. खानदेशचें कापड या वाटेनें समुद्रावर जाई. मग बुडी घेण्यास सुरतच कां नसावी? याचें उत्तर चिखलांत आहे. तापी, नर्मदा, मही व साबरमती या नद्या खंबायतच्या आखातांत गाळ आणून ओततात, आणि तेथील प्रचंड भरती-ओहोटी तो गाळ बसूं म्हणून देत नाहीं. अशा पाण्यांत पाणबुड्यास स्वतःचा हातही धड दिसणार नाहीं. ज्या नदीनें सुरतेस बंदर दिलें, तिनेंच तेथील समुद्राची दृष्टि हिरावून घेतली असें म्हटलें तरी चालेल.

म्हणजे जागा पाहावयाची ती नदीमुखापासून दूर, खडकाळ, आणि तरीही किनाऱ्याच्या आटोक्यांत. नेमकी अशीच जागा १६६४ सालीं दुसऱ्या एका हेतूनें शोधली गेली. त्या वर्षाच्या जानेवारींत शिवाजीमहाराजांनीं सुरतेवर स्वारी केली आणि २५ नोव्हेंबर रोजीं मालवणासमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. सुरतेहून आलेलें द्रव्य या बांधकामास लागलें असें सांगण्याचा प्रघात आहे; तें खरें असल्यास त्यांत आमच्या खानदेशी कापडाच्या व्यापाराचाही कांहीं अंश असणारच! १६६७ सालीं किल्ला पुरा झाला. सुमारें ४८ एकरांचें हें बेट निवडण्याचें कारण पाण्यावर दिसतें त्यापेक्षां पाण्याखालीं अधिक आहे. बेटाभोंवतीं बुडीत खडकांचें जाळें पसरलेलें असून त्यांतून गलबत नेण्याची वाट ज्यास ठाऊक नाहीं, त्याच्या गलबताचा तळ फुटलाच म्हणून समजावें. तटास शत्रूची तोफ लागण्यापूर्वीं शत्रूस हे खडक लागत. आतां याच खडकांच्या कपारींत मासे वस्ती करतात, त्यांच्या अंगावर प्रवाळ धरतें, आणि त्यांच्या आडोशास पाणी अंमळ स्वस्थ राहतें. किल्लेदारास जें हवें होतें तेंच पाणबुड्यास हवें असतें.

पाण्यांत श्वास घेण्याची युक्ति मात्र पुष्कळ अलीकडची. एकोणिसाव्या शतकांत ऑगस्टस सीबे यानें शिरस्त्राण व पोशाख सिद्ध केला. परंतु त्याची हवा वरच्या होडींतील पंपाच्या नळीनें येई, म्हणून पाणबुड्या दावणीच्या बैलासारखा बांधलेलाच असे. १९०८ सालीं हॉल्डेन यानें खोल पाण्यांतून वर येतांना किती थांबत यावें याचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. शेवटीं १९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो व गान्यां या दोघांनीं मागणीप्रमाणें हवा देणारें यंत्र बनविलें आणि पाणबुड्या दावणींतून सुटला.

आतां निवडीकडे वळूं. पुतण्याची पहिली उडी अंदमानावर होती. तेथील पाणी मालवणच्या तिप्पट-चौपट स्वच्छ असतें हें आम्ही मान्य करतों. परंतु अमळनेरहून चार दिवसांत अंदमान म्हणजे जाण्यांतच अर्धी रजा घालविणें. मुरुडेश्वरासमोरील नेत्राणी बेट किनाऱ्यापासून दूर असल्यानें तेथें पाणी चांगलें, पण आमच्या हिशेबांत तेंही लांबच. गोव्याचा मोह आम्हांस स्वतःस फार झाला. तेथील सुंची खडकावर सतराव्या शतकाच्या आरंभींचें एक पोर्तुगीज जहाज फुटलेलें आहे, आणि सेंट जॉर्ज खडकाजवळच्या दुसऱ्या एका जहाजाच्या अवशेषांत बासेल मिशनच्या कारखान्याचीं, १८६५ सालचा शिक्का असलेलीं कौलें सांपडलीं. दोन्ही ठिकाणीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनीं शोध केला आहे. घरावर चढावयाचीं कौलें तळाशीं पडून राहिलीं, हें वाचून इतिहासाच्या वाचकाचें मन हलल्याशिवाय राहत नाहीं. पण हौशी नवशिक्यानें पाहावयाच्या या जागा नव्हेत. त्या अभ्यासकांच्या आहेत, आणि तशाच राहाव्या.

विजयदुर्गाविषयींही तेंच. १७२० सालीं इंग्रजांचा आणि १७२४ सालीं डचांचा हल्ला या किल्ल्यानें परतविला. १७५६ सालीं मात्र वॉटसन व क्लाइव्ह यांनीं तो घेतला आणि तुळाजी आंग्र्याचें आरमार खाडींत जळालें. किल्ल्याजवळ पाण्याखालीं दगडांचा एक लांब बांध आहे व त्यावर आपटून शत्रूचीं गलबतें फुटत, अशी परंपरा आहे. विजयदुर्गापासून सुमारें १०५ किलोमीटर पश्चिमेस भर समुद्रांत आंग्रिया बँक नांवाचें बुडालेलें पठार आहे. त्याच्या नांवांत कान्होजीचें घराणें आजही जिवंत आहे. प्रवाळाच्या दृष्टीनें तें अपूर्व खरें, पण त्याचा माथाच जेथें पाण्याखालीं सुमारें वीस मीटर, तेथें नवशिक्याचें काय काम?

शेवटीं मालवणच उरलें. किंबहुना प्रथमपासून तेंच होतें. तारकर्लीस महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळानें या विद्येची संस्था काढली आहे. न पोहणाऱ्यासही शिक्षकाच्या हातांत हात देऊन उतरतां येतें. मात्र अशा पहिल्या बुडीस बारा मीटरांची मर्यादा सर्वमान्य आहे. पाणी हिरवट, आणि चांगल्या दिवशींही दृष्टि पांचसात मीटरच पोंचते, हें आम्ही पुतण्यास आधींच सांगून ठेवलें. पावसाळ्यांत समुद्र बंदच असतो. दिवाळीनंतरचे थंडीचे महिने बरे. १९८७ सालीं येथील सुमारें २९ चौरस किलोमीटर समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याच्या निर्बंधांस मच्छीमारांनीं विरोध केला, आणि ज्यांचें पोट त्या पाण्यावर आहे त्यांचें म्हणणें आम्हांस अगदींच गैर वाटत नाहीं. परंतु पोटासाठीं जाळें टाकणारा निराळा, आणि छायाचित्रासाठीं प्रवाळावर पाय देऊन उभा राहणारा पाहुणा निराळा. कित्येक जातींचें प्रवाळ वर्षास बोटाच्या पेराइतकेंही वाढत नाहीं.

इतकें ठरलें तरी खरी अडचण घरांतच निघाली. वहिनींनीं स्वयंपाकघरांतून विचारलें, "त्याला लहानपणीं दमा होता, तें कोणी लक्षांत घेतलें का?" आम्ही १६६४ पर्यंत पोंचलों होतों, पुतण्याच्या बालपणापर्यंत पोंचलों नव्हतों. प्रश्न रास्त होता. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. त्या दाबाची हवा छातींत कोंडून मनुष्य वर आला तर ती पसरून फुप्फुस फाडूं शकते. म्हणून बुडीचा पहिला नियम श्वास कधींही न कोंडण्याचा आहे. आणि ज्याच्या श्वासनलिका आपोआप आंखडतात त्याच्या हातीं तो नियम राहत नाहीं. पुतण्यानें तोंड वाकडें केलें, पण वैद्यकीय तपासणीवांचून तिकीट काढावयाचें नाहीं असें ठरलें. डॉक्टरांनीं फुंकर मारण्याची परीक्षा दोनदां घेतली, व्यायामानंतर पुन्हा घेतली, आणि मग लेखी अनुज्ञा दिली. तो कागद वहिनींनीं स्वतः वाचला.

राहिली परतीची वाट. बुडीनंतर रक्तांत विरघळलेला वायु हळूहळू बाहेर पडावा लागतो, म्हणून बारा ते अठरा तास विमानांत बसूं नये असा दंडक आहे, आणि उंच घाट चढण्यासही तोच विचार लागू पडतो. म्हणून आंबोलीवरून कोल्हापूर पाहून येण्याची पुतण्याची कल्पना आम्ही मोडून काढली. कुडाळहून कोकण रेल्वेनें मुंबई, आणि पुढें कसाऱ्याचा घाट टाळून सुरतेवरून तापीच्या खोऱ्यानें अमळनेर, असा सखल मार्ग आम्ही कागदावर आंखून दिला. कापडाचे तांडे ज्या खोऱ्यांतून समुद्राकडे जात, त्याच खोऱ्यांतून तो घरीं आला. पहिल्या दिवशीं वारा असल्यानें होडी सुटलीच नाहीं, तो दिवस त्यानें सिंधुदुर्गाच्या तटावर काढला. दुसऱ्या दिवशीं अर्धा तास पाण्याखालीं होता. काय पाहिलेंस, असें वहिनींनीं विचारलें तेव्हां माशांचीं नांवें त्यास सांगतां येईनात. "खडक," तो म्हणाला, "वरून एकही दिसत नव्हता, आणि खालीं पाहावें तिकडे खडकच."