डॉ. खरे यांचे दोन अर्ज आणि अकरावी घटनादुरुस्ती

मंडळी, राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्षांच्या निवडणुकीचा विषय निघाला की अमेरिकेचं उदाहरण हमखास दिलं जातं. तिथे 1800 च्या निवडणुकीत जेफरसन आणि बर यांना सारखीच मतं पडली, मोठा घोळ झाला, आणि 1804 मध्ये बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांसाठी वेगवेगळं मतदान सुरू झालं. आपल्याकडेही 1961 साली अशी एक दुरुस्ती झाली, अकरावी. ती फारशी कुणाला आठवत नाही. पण तिच्या आधी जो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तो नेणारा माणूस आपल्या नागपूरचा होता, म्हणून आज आपण तिच्याकडे वळू.

डॉ. नारायण भास्कर खरे. जन्म 1884 चा. पेशाने डॉक्टर. 1937 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडाचे पंतप्रधान झाले. मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत. वर्षभरातच रविशंकर शुक्ल आणि द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याशी बिनसलं, काँग्रेस श्रेष्ठींशी वाजलं आणि 1938 मध्ये पद गेलं. पुढे व्हाइसरॉयचं कार्यकारी मंडळ, अलवर संस्थानचं पंतप्रधानपद, हिंदू महासभेचं अध्यक्षपद असा त्यांचा प्रवास झाला. त्यांचं राजकारण पटो न पटो, माणूस भांडायला कचरणारा नव्हता, एवढं मान्य करावं लागतं.

आता 1957 चा उन्हाळा. दुसरी सार्वत्रिक निवडणूक नुकतीच झालेली. नागपूरची राजधानी नोव्हेंबर 1956 मध्येच गेलेली, आपले आमदार द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेत बसलेले. राजेंद्रप्रसादांची मुदत 13 मे रोजी संपत होती आणि कलम 62 सांगतं की मुदत संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. त्यामुळे मतदान ठरलं 6 मे रोजी. पण हिमाचल प्रदेशासारख्या बर्फाच्या भागात लोकसभेच्या निवडणुकाच अजून पुऱ्या झाल्या नव्हत्या. म्हणजे काय, तर राष्ट्रपती निवडणारे मतदारच पुरते निवडून आले नव्हते!

खऱ्यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. निर्वाचकगण अपुरा असताना घेतलेली निवडणूक वैध कशी, असा अर्ज त्यांनी सर्वोच्च न्यायालयात केला. न्यायालय म्हणालं, निवडणूक म्हणजे सुरुवातीपासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया. शंका असेल तर ती संपल्यावर या. निवडणूक झाली. राजेंद्रप्रसादांना 4,59,698 मतं पडली, उरलेल्या दोघांना मिळून पाच हजारही नाहीत. खरे पुन्हा गेले. तेव्हा उत्तर आलं की 1952 च्या कायद्याप्रमाणे अशी याचिका एक तर उमेदवाराने करावी किंवा निदान दहा मतदारांनी मिळून करावी. खरे एकटेच. अर्ज फेटाळला.

बारकाईने बघा, मूळ प्रश्नाचं उत्तर न्यायालयाने दोन्ही वेळा दिलंच नाही. आधी लवकर आलात, मग एकटे आलात! ते उत्तर संसदेने चार वर्षांनी दिलं. 19 डिसेंबर 1961 च्या अकराव्या दुरुस्तीने कलम 71 मध्ये भर घातली: निर्वाचकगणात कोणत्याही कारणाने जागा रिकामी असली, तरी तेवढ्यावरून राष्ट्रपती किंवा उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीला आव्हान देता येणार नाही.

त्याच दुरुस्तीचा दुसरा भाग उपराष्ट्रपतींचा. मूळ कलम 66 प्रमाणे दोन्ही सभागृहांच्या सदस्यांनी संयुक्त बैठकीत एकत्र जमून उपराष्ट्रपती निवडायचा होता. मतदान गुप्त, चर्चा नाही, भाषण नाही, मग सातशेच्या वर माणसं एका छताखाली कशाला गोळा करायची? दुरुस्तीने ती अट काढली आणि दोन्ही सभागृहांच्या सदस्यांचा निर्वाचकगण केला. गंमत अशी की 1952 आणि 1957 मध्ये राधाकृष्णन बिनविरोध आले, त्यामुळे त्या बैठकीत मत टाकायची पाळीच कधी आली नाही. पहिली लढत झाली 1962 मध्ये, नव्या पद्धतीने: झाकिर हुसेन 568, सामंतसिंहार 14.

हा दुसरा भाग आम्हाला निव्वळ शहाणपणाचा वाटतो. पहिल्याबद्दल मात्र थोडं थांबावं लागतं. 1961 मध्ये सगळ्यांच्या डोळ्यांपुढे बर्फ होतं, चार-दोन जागा होत्या. पण शब्द आले "कोणत्याही कारणाने". हे शब्द किती ताणले जातात ते 1974 मध्ये दिसलं. गुजरातची विधानसभा त्या मार्चमध्ये बरखास्त झाली आणि राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. एक अख्खं राज्य मताशिवाय राहत असताना निवडणूक घ्यायची का? न्यायालयाने सांगितलं, घ्यायची, मुदतीतच घ्यायची. फक्रुद्दीन अली अहमद निवडून आले त्या मतदानात गुजरातच्या आमदाराचं एकही मत नव्हतं.

पुढच्याच वर्षी, आणीबाणीत, एकोणचाळिसाव्या दुरुस्तीने या निवडणुकांचे वाद न्यायालयाच्या हातातूनच काढून घेतले. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ते परत दिले, पण रिकाम्या जागांचं कलम तसंच ठेवलं. आणि खरं सांगायचं तर त्याला सोपा पर्यायही नाही. ते नसतं, तर एखादी विधानसभा बरखास्त करून राष्ट्रपतीची निवडणूकच अडवून धरता आली असती. खऱ्यांचा मुद्दा उचलून धरताना आपण हे विसरता कामा नये.

तरीही 2022 चा हिशेब पाहा. जम्मू-काश्मीरची विधानसभा नोव्हेंबर 2018 मध्ये बरखास्त झाली होती आणि 18 जुलै 2022 ला राष्ट्रपतीसाठी मतदान झालं तेव्हाही नवी आलेली नव्हती. खासदाराच्या मताचं मूल्य सगळ्या आमदारांच्या एकूण मतांवरून निघतं. ते आधीच्या निवडणुकीत 708 होतं, या वेळी 700 झालं. आपल्या महाराष्ट्राच्या आमदाराचं मूल्य 175 होतं, 175 च राहिलं.