जयघोषाकडून आखाड्याकडे

1932 सालीं लॉस एंजलिस येथें जे ऑलिंपिक सामने झाले, त्यांतील दोन प्रकार आपल्याकडील कोणत्याहि तालमीच्या वस्तादानें पाहतांक्षणींच ओळखले असते. एक जोडी फिरविण्याचा. इंग्रज अंमलदारांनीं हिंदुस्थानांतील आखाड्यांतून उचलून विलायतेस नेलेली ही जोडी तिकडे ‘इंडियन क्लब’ या नांवानें रुळली होती, व तिचें सुवर्णपदक जॉर्ज रॉथ या अमेरिकन गृहस्थानें मिळविलें. दुसरा प्रकार कोलांट्यांचा; त्यांत रोलंड वोल्फ हा दुसरा अमेरिकन पहिला आला. त्या वर्षानंतर हे दोन्ही प्रकार त्या स्वरूपांत ऑलिंपिकमधून जे गेले, ते पुन्हां आले नाहींत. जोडीची हकीकत आज बाजूस ठेवूं. कोलांटीचें पुढें काय झालें, हें एका अमेरिकन क्रीडाशिक्षिकेच्या कारकीर्दीवरून पाहण्यासारखें आहे.

कोलांटीचें दुर्दैव असें कीं, तिला आश्रय मिळाला तरी मान मिळाला नाहीं. डोंबाऱ्याचें पोर चौकांत ढोलकीच्या तालावर जें करून दाखवितें, त्यावर लोक पैसा टाकतात, परंतु त्याला विद्या कोणी म्हणत नाहीं. तेंच अंगचापल्य मल्लखांबावर दिसलें म्हणजे त्याचा व्यायाम होतो. अमेरिकेंतहि थोड्याफार फरकानें असेंच घडलें. 1930 नंतरच्या दशकांत आयोवा विद्यापीठाचा जॉर्ज निसन हा कोलांट्यांमध्यें महाविद्यालयीन विजेता होता. त्यानें व त्याचे शिक्षक लॅरी ग्रिझवोल्ड यांनीं मिळून ट्रॅम्पोलिन तयार केलें, आणि तें 2000 सालीं सिडनीच्या ऑलिंपिकपर्यंत पोंचलें. पण नुसत्या जमिनीवरील कोलांट्यांची चढाओढ महाविद्यालयांतून गळत गेली, व ज्यांच्या अंगीं ही कला होती त्यांपैकीं पुष्कळांना फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला, जयघोष करणाऱ्या पथकांत, जागा शोधावी लागली.

या पथकांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. 1898 सालीं मिनेसोटा विद्यापीठांतील जॉनी कॅम्पबेल नांवाच्या विद्यार्थ्यानें प्रेक्षकांसमोर उभें राहून त्यांजकडून एका तालांत घोषणा म्हणवून घेतल्या, तेथपासून या प्रथेचा आरंभ धरतात. प्रारंभीं हें काम पुरुषांचें होतें. दुसऱ्या महायुद्धांत तरुण मंडळी रणांगणावर गेली, तेव्हां मुलींनीं त्यांची जागा घेतली, आणि ती पुढें त्यांचीच होऊन बसली. 1948 सालीं लॉरेन्स हर्किमर यांनीं टेक्ससमध्यें या कामाचें शिक्षण देण्यासाठीं शिबिर भरविलें, त्यास 52 मुली व अवघा 1 मुलगा आला होता! कालांतरानें नुसत्या घोषणांनीं भागेना. माणसांचे मनोरे आले, मुलीला उंच फेंकून झेलणें आलें, उलट्या कोलांट्यांच्या मालिका आल्या. कसब वाढलें तसा धोकाहि वाढला. पुढें अमेरिकेंत मुलींना खेळतांना होणाऱ्या अतिगंभीर इजांची मोजदाद झाली, तेव्हां त्यांपैकीं निम्म्याहून अधिक एकट्या या पथकांत झालेल्या आढळल्या. असें असूनहि कित्येक ठिकाणीं त्यांस ना खेळाडूचा दर्जा, ना खेळाडूस मिळणारी वैद्यकीय देखरेख. दुसऱ्याच्या विजयासाठीं टाळ्या मिळवून देणें, एवढेंच त्यांचें काम समजलें जाई.

अशा स्थितींत एका कायद्याचा या विषयांत प्रवेश झाला. 23 जून 1972 रोजीं अमेरिकेंत शिक्षणविषयक जो कायदा मंजूर झाला, त्याच्या ‘टायटल नाइन’ या भागान्वयें सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्रीपुरुषभेद करण्यास मनाई झाली. मूळ कलमांत खेळ हा शब्दहि नाहीं. पण 1979 सालीं सरकारनें त्याचा जो अर्थ लावून दिला, त्यांत समतेच्या तीन कसोट्या सांगितल्या. त्यांपैकीं पहिली अशी कीं, विद्यार्थ्यांमध्यें मुलींचें जें प्रमाण असेल, सुमारें तेंच खेळाडूंमध्यें असावें. फुटबॉलच्या एका संघांत शंभराच्या घरांत मुलगे असतात; त्यांच्या तोडीस तोड मुली आणावयाच्या कोठून? हिशेबी चालकांचें लक्ष साहजिकच मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या या मुलींकडे गेलें. त्या संख्येनें पुष्कळ, त्यांचा खर्च थोडा, आणि त्या आधींच आवारांत हजर!

ऑरेगन विद्यापीठानें 2007 च्या जुलैंत आपला जुना बेसबॉल संघ पुन्हां सुरू करण्याचें ठरविलें, त्याबरोबरच मुलींसाठीं या कसरतीचा संघ काढण्याचें जाहीर केलें, आणि कुस्तीचा संघ मोडीत काढला. मराठी वाचकास ही शेवटची गोष्ट बोचल्याशिवाय राहणार नाहीं. मला तरी ती बोचली. या नव्या संघाच्या पहिल्या शिक्षिका म्हणून फेलिसिया मल्की यांची नेमणूक झाली. त्यापूर्वीं त्या जॉर्जिया संस्थानांतील केनेसॉ स्टेट येथें जयघोषपथकाच्या शिक्षिका होत्या. म्हणजे त्यांचें शिक्षण त्या जुन्या परंपरेंतलें, व त्यांना नेमणाऱ्यांचा हेतु, निदान अंशतः, संख्येचा ताळा जमविण्याचा. कुस्तीगिरांचे शिव्याशाप माथीं घेऊन सुरू झालेल्या या संघाचें भवितव्य फारसें उज्ज्वल दिसत नव्हतें.

त्या भवितव्यावर घाव पडला तो मात्र देशाच्या दुसऱ्या टोंकाकडून. कनेक्टिकट संस्थानांत क्विनिपिॲक नांवाचें विद्यापीठ आहे. 2009 च्या मार्चमध्यें त्यानें मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून त्याऐवजीं स्पर्धात्मक जयघोषाचा संघ काढण्याचें जाहीर केलें. व्हॉलीबॉलच्या मुली व त्यांच्या शिक्षिका कोर्टांत गेल्या. न्यायमूर्ति स्टीफन अंडरहिल यांनीं 21 जुलै 2010 रोजीं जो निकाल दिला, तो वाचण्यालायक आहे. विद्यापीठांत मुलींचें प्रमाण शेंकडा 61.87 होतें. नव्या संघांतील 30 मुली, तसेंच पळण्याच्या शर्यतींच्या संघांत नांवापुरत्या दाखविलेल्या कांहीं मुली हिशेबांतून वगळतां खेळाडूंत त्यांचें प्रमाण 58.25 वर आलें. या 30 मुली वगळण्याचें कारण न्यायमूर्तींनीं सविस्तर दिलें आहे. त्यांच्या सामन्यांना एकच अशी नियमावली नव्हती; प्रतिपक्षी कधीं दुसरें महाविद्यालय, तर कधीं एखादा खासगी क्लब; इतर खेळांप्रमाणें बाहेर जाऊन खेळाडू निवडून आणण्याची सोयहि नव्हती. या मुलींचें कसब त्यांनीं नाकारलें नाहीं. हा प्रकार पुढेंमागें खेळ म्हणून मान्य होऊं शकेल, पण आज तो तितका विकसित व सुसंघटित नाहीं, असा त्यांचा अभिप्राय पडला. 2012 च्या ऑगस्टमध्यें वरिष्ठ कोर्टानेंहि तो कायम केला.

या निकालाची त्या वेळीं पुष्कळ टर उडविली गेली. “जयघोष हा खेळ नव्हे, असें कोर्टानें ठरविलें” एवढेंच लोकांनीं ध्यानांत ठेविलें. परंतु मला वाटतें, या खेळाचा जन्म होण्यास कोणत्याहि अनुकूल निकालापेक्षां हा प्रतिकूल निकालच अधिक कारण झाला. अनुकूल निकाल लागता, तर चालकांना संख्या मिळाली असती व मुली होत्या तेथेंच राहिल्या असत्या. न्यायमूर्तींनीं काय उणें आहे तें एकेक करून सांगितल्यामुळें, काय करावयाचें याची यादीच मल्कीबाई व त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातीं आली. ऑरेगन, मेरिलंड, बेलर, क्विनिपिॲक वगैरे सहा महाविद्यालयांनीं आपली एक संघटना उभारली. प्रथम तिच्या नांवांत ‘स्टंट’ हा शब्द होता. तो जाऊन ‘ॲक्रोबॅटिक्स’ आला. नांवांतून जयघोष कायमचा गेला, आणि कामांतूनहि गेला: या संघांतील मुली दुसऱ्या कोणत्याहि संघासाठीं घोषणा देत नाहींत.

सामन्याची रचना नव्यानें बसविण्यांत आली. दोन संघ समोरासमोर येतात व आळीपाळीनें सहा प्रकार करून दाखवितात: ठरलेल्या कसरती, अंगमेळाच्या कसरती, मनोरे, फेंक-झेल, कोलांट्या, आणि शेवटीं सुमारें अडीच मिनिटांची सर्व संघाची एकत्र कसरत. प्रत्येक कसरतीची किंमत तिच्या अवघडपणावरून आधींच ठरलेली असते. परीक्षक त्यांतून चुकांचे गुण वजा करतात. पाय थरथरला, हात वांकला, वरची मुलगी डगमगली, कीं गुण गेले. प्रेक्षकांकडे पाहून हंसण्याबद्दल, किंवा त्यांनीं किती आरडाओरड केली याबद्दल, एकहि गुण नाहीं. माझ्या मतें सगळा पालट या एका नियमांत आहे. कसरत करणारीचें लक्ष प्रेक्षकाकडून काढून तिच्या स्वतःच्या अंगाकडे व शेजारणीच्या हाताकडे वळविलें गेलें. या खेळांत उंच, धिप्पाड मुलगी आधार म्हणून जितकी हवी, तितकीच शेलाटी मुलगी शिखरासाठीं हवी, हीहि जाणण्यासारखी गोष्ट आहे.

आपल्याकडील गोविंदांच्या थरांची येथें आठवण होणें अपरिहार्य आहे. 2022 च्या ऑगस्टमध्यें महाराष्ट्र सरकारनें दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा देण्याचें जाहीर केलें. घोषणा आधीं आणि नियम मागाहून, असा आपला क्रम. तिकडे कोर्टानें नकार दिल्यामुळें क्रम उलटा पडला.

2011 सालीं नव्या नियमांप्रमाणें पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, व ती मल्कीबाईंच्या ऑरेगन संघानें जिंकली. पुढील तीन वर्षेंहि तोच संघ विजयी झाला. 2014 सालीं बाई टेक्ससमधील वेको येथील बेलर विद्यापीठांत गेल्या, आणि आश्चर्य असें कीं, विजेतेपदहि त्यांच्या पाठोपाठ गेलें. 2015 पासून 2019 पर्यंत दर वर्षीं बेलर पहिलें. 2020 सालीं महामारीमुळें स्पर्धा झाली नाहीं. 2021 पासून 2024 पर्यंत पुन्हां बेलरच. म्हणजे 2024 पर्यंत स्पर्धा 13 झाल्या, व तेराहि एकाच शिक्षिकेच्या संघांनीं जिंकल्या. महाविद्यालय बदललें, मुलींच्या तीनचार पिढ्या आल्या नि गेल्या, पण निकाल बदलला नाहीं. याचें श्रेय त्यांस द्यावें तितकें थोडें आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकानें याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. ज्या खेळांत तेरा वर्षें एकच गुरु अजिंक्य राहतो, त्या खेळांत प्रतिस्पर्धी अजून पुरेसे तयार झालेले नाहींत, असाहि त्याचा अर्थ होतो. त्यांतून मल्कीबाई ह्या नियम घडविणाऱ्यांपैकींच एक होत्या. ज्यानें वाट आंखली त्याला तिच्यावरून धांवणें सोपें जावें, यांत नवल नाहीं.

वाट सरळहि नव्हती. जयघोषाच्या संघास सर्वांआधीं, 2003 सालींच, खेळाचा दर्जा देणाऱ्या मेरिलंडनें 2012 सालीं पैशाच्या टंचाईपायीं इतर कित्येक संघांबरोबर हाहि संघ बंद केला. जयघोषपथकांच्या जुन्या संघटनेनें ‘स्टंट’ नांवाचा निराळाच खेळ काढून मान्यतेसाठीं वेगळी मागणी केली, त्यामुळें एकाच विद्येचीं दोन घराणीं झालीं. महाविद्यालयीन खेळांवर देखरेख करणारी जी मध्यवर्ती संस्था आहे, तिनें 1994 पासून स्त्रियांच्या उदयोन्मुख खेळांची एक यादी ठेविली आहे. नौकानयन, आइस हॉकी, वॉटर पोलो हे खेळ या यादीच्या पायरीवरून चढूनच राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या पंक्तीस बसले. कसरतीच्या या खेळाचें नांव त्या यादींत 2020 सालीं आलें, म्हणजे कोर्टाच्या नकारानंतर दहा वर्षांनीं. छोटीं महाविद्यालयें यानंतर भराभर पुढें आलीं. त्यांतील कांहींचा हेतु अजूनहि विद्यार्थिनींची संख्या वाढविण्याचाच असावा, असा संशय मला आहे. पण हेतु कोणताहि असो, त्या मुलींना आज शिष्यवृत्ति मिळूं शकते, संघासाठीं वैद्य असतो, आणि सरावाच्या तासांना मर्यादा असते.

क्विनिपिॲकची गोष्ट मात्र अर्धवट राहिली. जो व्हॉलीबॉल संघ मोडावयाचा होता, तो कोर्टाच्या हुकुमानें राहिला, व 2013 च्या तडजोडीनें त्याची जागा पक्की झाली. आणि ज्या 30 मुली हिशेबांतून वजा झाल्या होत्या, त्यांचा संघहि मोडला नाहीं. नवें नांव व नवे नियम घेऊन तो त्याच आवारांत खेळत राहिला.