चालायच्या आधी बूट कशाला?



नातीला दहावा महिना लागला. अजून ती रांगते, पलंगाला धरून उभी राहते आणि धपकन खाली बसते. पण बाळ बघायला आलेल्यांनी आतापर्यंत तिच्यासाठी बुटांचे पाच जोड आणलेत. एक तर पाऊल टाकलं की पी-पी वाजणारा! परवा संध्याकाळी जुहूच्या चौपाटीवर निघताना मी सवयीने त्यातला एक जोड तिच्या पायात घालायला घेतला. मुलगा म्हणाला, "आई, राहू दे गं. तिला अजून कुठे चालायचंय?"

तो सहज बोलला, पण मला त्याचं स्वतःचं बालपण आठवलं. म्हणून आज हा विषय.

१९८९ मध्ये तो वर्षाचा होता. न्हाणीघरातून त्याला धरून बाहेर आणलं की फरशीवर ओल्या पायाचा अख्खा ठसा उमटायचा. मधली कमान दिसायचीच नाही. नात्यातल्या कुणीतरी म्हटलं, "तळवे सपाट आहेत, आत्ताच बघा, नाहीतर पुढे धावता येणार नाही." मी घाबरले. घोट्याच्या वर येणारे, कडक तळाचे बूट आणले. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत पायात ठेवायचे, असं दुकानात सांगितलं गेलं. दोन वर्षं मी ते पाळलं. चौपाटीवर बाकीची मुलं वाळूत पाय खुपसून बसायची आणि आमचा मुलगा बूट-मोज्यांत उभा. काढून टाकायला जायचा, मी पुन्हा नाड्या बांधायचे.

सासूबाई सांगलीकडच्या. त्या म्हणायच्या, "अगं, मातीत सोड त्याला. पाय आपोआप धरतो." मला वाटायचं, शिकलेल्या नाहीत, त्यांना काय कळतंय.

त्यांच्या घरात बाळासाठी काय काय असायचं ते आठवून बघा. झबलं, टोपडं, कुंची, लंगोट, पायांत चांदीचे वाळे. थंडीत आत्याने विणलेले लोकरीचे मोजे. ते उबेसाठी, चालण्यासाठी नव्हेत. उभं राहू लागलं की पांगुळगाडा. सारवलेल्या ओसरीवर बाळ तो ढकलत अनवाणी फिरायचं. मग पायताण कधी? मूल उंबरा ओलांडून स्वतःच्या पायांनी बाहेर जायला लागलं की. चप्पल रस्त्यासाठी होती, पायासाठी नव्हे, हा सरळ हिशोब होता.

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये १६९३ मध्ये जॉन लॉक या तत्त्ववेत्त्याने मुलांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने सांगितलं की मुलांचे बूट इतके पातळ असावेत की पाणी आत शिरावं, म्हणजे पाय काटक होतात. फ्रान्समध्ये रूसोने १७६२ च्या 'एमिल'मध्ये त्याच्याही पुढे जाऊन लिहिलं की मुलाने बाराही महिने अनवाणी धावावं. म्हणजे थंडीच्या देशांतही जाणती माणसं मुलांचे पाय मोकळे ठेवा म्हणत होती.

मग तान्ह्याच्या पायात बूट आले कुठून? माझ्या मते भेटवस्तू म्हणून आणि भीती म्हणून, अशा दोन वाटांनी.

भेटवस्तूची वाट सोपी आहे. कारखान्यात बूट स्वस्त होऊ लागले, तसे इवलेसे बूट कौतुकाची वस्तू झाले. अमेरिकेत तर १९३४ मध्ये बाळाचे पहिले बूट धातूने मढवून कायमचे जपून ठेवून देणारी कंपनीच निघाली. आपल्याकडे बाटा १९३१ मध्ये बंगालातल्या कोन्नगरला सुरू झाली, मग बाटानगर वसलं. त्या दशकातल्या बाटाच्या जाहिरातीत धनुर्वाताची भीती घालून बूट वापरा असं सांगितलेलं असे. रस्त्यावर चालणाऱ्याच्या बाबतीत ती भीती खोटी नव्हती, तेव्हा लशी घरोघरी पोचल्या नव्हत्या. पण चालणाऱ्याची भीती हळूहळू पाळण्यातल्या बाळापर्यंत उतरली. बूट नसेल तर घोटा कमजोर राहील, कमान येणार नाही, मूल उशिरा चालेल.

या भीतीत तथ्य किती, हे डॉक्टरांनी तपासून पाहिलेलं आहे. १९०५ मध्ये हॉफमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने बूट न वापरणाऱ्या लोकांच्या पायांचे १८६ जोड तपासले. कधीच बूट न घातलेल्या पायांची बोटं पंख्यासारखी मोकळी होती. बूट घालणाऱ्यांची मात्र बुटाच्या आकारात दाबली गेलेली. पुढे १९८९ मध्ये, म्हणजे मी नाड्या बांधत होते त्याच वर्षी, अमेरिकेतल्या टेक्सासच्या अस्थितज्ज्ञांचा अभ्यास छापून आला. सपाट तळव्यांची १२९ लहान मुलं त्यात घेतली होती. काहींना खास बूट, काहींना बुटात पट्ट्या, काहींना काहीच नाही. तीन वर्षांनी पाहिलं तर सगळ्यांचेच पाय सुधारले होते आणि बूट घातलेल्यांत नि न घातलेल्यांत फरक नव्हता.

आणि १९९२ मध्ये तर उत्तर आपल्याच किनाऱ्यावरून आलं. जुहूच्या वाळूवरून दक्षिणेला कोकण, गोवा ओलांडत गेलं की कर्नाटकचा किनारा लागतो. तिथल्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पायांचे ठसे घेतले. पादत्राण वापरणाऱ्यांत सपाट तळवे १०० पैकी ८.६ मुलांचे होते, अनवाणी मुलांत फक्त २.८. पुढून बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण सर्वांत जास्त, सँडल-चपला घालणाऱ्यांत कमी. १९९५ मध्ये जोसेफ यांनी सहकाऱ्यासह १,८४६ मोठ्या माणसांचे पाय पाहिले. सहा वर्षांच्या आत बूट घालू लागलेल्यांत सपाट तळवे ३.२४ टक्के होते आणि सोळाव्या वर्षी सुरुवात केलेल्यांत १.७५ टक्के. ही चालत्या मुलांची आकडेवारी आहे हे खरं. पण बुटाने कमान येते, ही समजूत त्यातून पार उडते. मग जे मूल अजून चालतच नाही त्याला बुटाचा उपयोग काय?

बाळाचा तळवा सपाट दिसतो कारण तिथे चरबीची मऊ गादी असते. आतली पुष्कळशी हाडं अजून कूर्चेची असतात. कमान पुढच्या काही वर्षांत हळूहळू दिसू लागते. तोवर बोटांनी जमीन धरणं, तोल सावरणं, गार-गरम, खरखरीत-गुळगुळीत ओळखणं, हे सगळं पाय शिकत असतो. कडक तळ मध्ये आला की त्याला जमीन लागतच नाही. चालण्याची घाईही नको. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतली निरोगी मुलं पाहिली, तेव्हा आधाराशिवाय चालण्याचं वय सुमारे ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं आढळलं.

आता आपल्या धर्माकडे येते. आपले मुनी आणि आर्यिका माताजी आयुष्यभर अनवाणी विहार करतात. पुढची चार हात जमीन बघत, जीव वाचवत पाऊल टाकायचं, ही ईर्या समिती. श्वेतांबर परंपरेतल्या दशवैकालिक सूत्राच्या तिसऱ्या अध्ययनात साधूंनी टाळायच्या गोष्टींची यादी आहे, त्यात पायातलं पायताणही येतं. आमच्या इमारतीतल्या गुजराती मैत्रिणी रोज सकाळी चौदा नियम धारतात. त्यातला एक नियम 'वाणह', म्हणजे आज किती जोड पादत्राणं वापरीन याची मर्यादा. आपण श्रावक, साधू नव्हे. आपल्याला चपला लागतात. पण लागतात तेवढ्याच, असं त्या नियमाचं म्हणणं. ज्या घरात मोठी माणसं चपलांचे जोड मोजतात, तिथे न चालणाऱ्या बाळाला पाच जोड? आणि ते मऊ मऊ बूट कशाचे, हेही विचारा. बाळाचे महागडे मऊ बूट पुष्कळदा कोकराच्या नाहीतर वासराच्या कातड्याचे असतात.

पण अनवाणी राहण्याचं कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. याच चौपाटीवर फुगे विकणारी पोरं अनवाणी असतात, ती नियम म्हणून नव्हे. त्यांच्या पायाला तापलेली वाळू आणि काच लागते. आपल्या देशात कित्येक गावांत दलितांना इतरांच्या वस्तीतून जाताना चपला हातात घ्याव्या लागत, तोही इतिहास आहे. अंकुशकृमी तर उघड्या पायाच्या कातडीतून शरीरात शिरतो. लोस या शास्त्रज्ञाला १८९८ मध्ये कैरोत हे उमगलं, तेही स्वतःच्याच हातावर त्या अळ्यांचं पाणी सांडलं तेव्हा. म्हणून चालतं मूल बाहेर निघालं की त्याला पायताण हवंच, आपल्याही आणि फुगेवाल्याच्याही. जन्मतः पाऊल आत वळलेलं असेल तर डॉक्टर प्लास्टर आणि खास पट्टीचे बूट देतात. ते औषध आहे, त्यात हयगय नको. आणि दीड वर्ष उलटूनही मूल चाललं नाही, किंवा एकच पाय ओढतंय असं वाटलं, तर दुकानात नव्हे, डॉक्टरकडे जा.

घरासाठी मी ठरवलं ते असं. घरात आणि बस्तीत नात अनवाणी. गारवा असेल तर मोजे, पण गुळगुळीत फरशीवर उभी राहायला लागली की तेही काढायचे. ती बाहेर चालू लागली की हलकं, वाकणारं, पुढे बोटांना मोकळी जागा असलेलं पायताण, एकच जोड. आलेल्या पाच जोडांतले चार कोरे होते. ते कामवाल्या ताईंच्या नातवाला दिले, तो दीड वर्षाचा आहे आणि गल्लीभर पळतो. पी-पी वाजणारा जोड त्यानेच निवडला.

परवा चौपाटीवर भरती ओसरल्यावर मुलाने तिला ओल्या वाळूवर उभं केलं. तिने बोटं आवळली, पुन्हा पसरली आणि खाली बघत राहिली. उचलून घेतल्यावर तिथे दोन ठसे होते, सपाट, कमान नसलेले. मुलगा माझ्याकडे बघून हसला. मी त्याला म्हटलं, "तुझेही असेच होते रे. मला तेव्हा थांबता आलं नाही."

सासूबाई आता नाहीत, नाहीतर त्यांनाही सांगितलं असतं.