दरवाजे उरले, वाडे गेले

जुन्या औरंगाबादची म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची ओळख ‘बावन्न दरवाजांचे शहर’ अशी सांगितली जाते. बावन्न हा लोकांच्या तोंडचा आकडा आहे. तटाला चार मुख्य आणि नऊ दुय्यम दरवाजे होते. त्याशिवाय लहान खिडक्या होत्या आणि आतल्या वाड्यांचे व बालेकिल्ल्याचे दरवाजे वेगळे. त्यातले बरेच आजही उभे आहेत. पण ज्या वाड्यांसाठी आणि महालांसाठी हा सारा बंदोबस्त होता, त्यांतले फारच थोडे शाबूत राहिले. या शहरातल्या ऐतिहासिक वास्तू पाहायला जाणाऱ्याने ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी, कारण शहराचा चारशे वर्षांचा इतिहास तिच्यात सामावलेला आहे.

या शहराच्या नावाचा जिल्हा पूर्वी मोठा होता. भोकरदन तालुक्यातले पूर्णाकाठचे केदारखेडा आणि त्याच्या आसपासची गावे १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा होईपर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातच होती. मात्र या टापूतले सर्वांत जुने नगर औरंगाबाद नव्हे. भोकरदन त्याहून कितीतरी जुने. भारहूत आणि सांची येथील शिलालेखांत ‘भोगवर्धन’च्या दात्यांची नोंद आहे आणि हे भोगवर्धन म्हणजेच भोकरदन. १९७३ च्या सुमारास झालेल्या उत्खननात तिथे सातवाहनकालीन वस्ती सापडली. त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भागही मिळाला. तिची तुलना इटलीतल्या पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी केली जाते. भोगवर्धनची घरे पांढरीच्या मातीखाली गेली आणि त्यानंतर कित्येक शतकांनी खाम नदीच्या काठी नवे शहर उभे राहिले.

निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी या खेड्याच्या जागी हे शहर वसवले. दोन वर्षांनी मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून त्याने भडकल दरवाजा बांधला. भक्कम खांब आणि उंच कमानींवर पेललेला हा दरवाजा शहरातल्या उभ्या दरवाजांत सर्वांत जुना आहे. १६१६ च्या सुमारास जवळच्या उंचवट्यावर नौखंडा महाल झाला. मलिक अंबरच्या पदरच्या मराठा सरदारांच्या वस्त्यांना त्यांचीच नावे पडली: मालोजींचा मालपुरा, खेलोजींचा खेलपुरा, परसोजींचा परसपुरा, विठोजींचा विठापुरा.

या सगळ्यापेक्षा मोठे काम मात्र जमिनीखाली झाले, आणि पाहुण्यांच्या नजरेतून तेच सुटते. खडकाळ, कमी पावसाच्या प्रदेशात शहर वसवायचे तर आधी पाणी हवे. मलिक अंबरने उत्तरेकडच्या हर्सूलच्या खोऱ्यात भूगर्भात झिरपणारे पाणी खोदीव बोगद्यांतून गोळा केले आणि ते उताराने शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. उतारावरून येणाऱ्या पाण्याचा दाब वाढू नये आणि त्यात अडकलेली हवा निघून जावी म्हणून वाटेत ठिकठिकाणी उंच दगडी मनोरे उभारले. लोक त्यांना बंबे म्हणतात. पाणी बंब्यात वर चढायचे, दुसऱ्या बाजूने उतरायचे आणि खापरी नळांतून हौदांकडे जायचे. पंप किंवा मोट न वापरता हे पाणी शेकडो वर्षे वाहिले. मलिक अंबरच्या काळात जालन्यातही जमशेदखानाने मोती तलाव बांधून नळाने पाणी गावातल्या हौदांत खेळवले होते. महालाची कोरीव कमान पाहून थबकणाऱ्याने गल्लीतल्या पडक्या बंब्यापाशीही दोन मिनिटे थांबावे. शहर त्याच्यामुळे जगले.

मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. त्याचा मुलगा फतेखान याने खडकीचे नाव फतेहनगर केले. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला तेव्हा ते औरंगाबाद झाले. मोगलांबरोबर राजपूत सरदार आले आणि त्यांनी शहराबाहेर आपापले पुरे वसवले. मिर्झाराजे जयसिंगांचा जयसिंगपुरा, बिकानेरच्या करणसिंहांचा कर्णपुरा आणि त्यांचा मुलगा पदमसिंह याचा पदमपुरा ही नावे आजही रोजच्या वापरात आहेत. कर्णपुऱ्याच्या देवीची नवरात्रातली यात्रा सारा मराठवाडा ओळखतो. करणसिंहांचा वाडा शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

बीबी का मकबरा याच काळातला. औरंगजेबाची पत्नी दिलरसबानू बेगम १६५७ मध्ये वारली. तिच्यासाठी उभारलेली ही कबर १६६० च्या सुमारास पूर्ण झाली. वास्तुकार अताउल्ला आणि स्थापत्यकार हंसपतराय यांची नावे लेखात कोरलेली आहेत. बांधकामाला ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च झाल्याची नोंद सांगितली जाते. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याला सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना वाटेत संगमरवराने भरलेल्या सुमारे तीनशे गाड्या दिसल्या होत्या आणि त्यातल्या लहानात लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते. तरीही सगळी इमारत संगमरवराची नाही. खालचा पट्टा आणि घुमट संगमरवरी असून मधला भाग स्थानिक काळ्या दगडाचा आहे आणि त्यावर गुळगुळीत घोटलेला चुन्याचा गिलावा आहे. ताजमहालाची स्वस्त नक्कल म्हणून मकबऱ्याची हेटाळणी होते, ती अन्यायाची आहे. दख्खनच्या गवंड्यांनी चुन्यातून काढलेली नक्षी जवळून पाहिली की ते पटते.

तट त्यानंतर आला. १६६० च्या दशकात येऊन गेलेल्या थेवेनो या फ्रेंच प्रवाशाने या शहराला तटबंदी नसल्याचे लिहिले आहे. ती औरंगजेबाने १६८२ च्या सुमारास, दख्खनच्या मोहिमेवर स्वतः उतरल्यावर, घातली. उत्तरेला दिल्ली दरवाजा, पूर्वेला जालना दरवाजा, दक्षिणेला पैठण दरवाजा आणि पश्चिमेला मक्का म्हणजे मकई दरवाजा झाला. रस्ता जिकडे जातो त्या गावाचे नाव दरवाजाला द्यायचे, ही साधी रीत होती. १६९२ मध्ये किले अर्क हा शाही बालेकिल्ला बांधला गेला. रंगीन दरवाजा आणि काला दरवाजा त्याच परिसरातले.

औरंगजेबानंतर निजाम-उल-मुल्क आसफजाह याने इथून कारभार केला आणि नौखंड्यात मुक्काम ठेवला. पाच जनाने, दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास, मशीद, कचेरी आणि प्रत्येकाला स्वतंत्र बाग व हौद असा त्या महालाचा विस्तार होता. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली पाणचक्की १७४४ ची, तुर्कताजखानाने उभारलेली. डोंगरातून नळाने आणलेले पाणी उंचावरून लोखंडी पात्यांवर पडायचे, जाते फिरायचे आणि दर्ग्यात राहणारे फकीर, विद्यार्थी व वाटसरू यांच्यासाठी धान्य दळले जायचे. समोरचा आयताकृती हौद म्हणजे तळघरातल्या दालनाचे छतच आहे, त्यामुळे उन्हाळ्यातही ते दालन गार राहते.

१७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली आणि वाड्यांचे दिवस फिरले. दरबार गेला तसे सरदार गेले, त्यांच्या मागे कारागीर आणि व्यापारीही पांगले. मागे राहिलेल्या घरांत विटा, माती आणि सागवानाचा भरणा होता. दर वर्षी पावसाआधी डागडुजी झाली नाही तर अशी इमारत दोन पिढ्याही टिकत नाही. वारसांत वाटण्या झाल्या, तुळया आणि चौकटी विकल्या गेल्या, दगड नव्या भिंतींत बसले. दरवाजांचे तसे झाले नाही. ते दगड-चुन्याचे होते, कोणा एकाच्या वाटणीचे नव्हते आणि त्यांच्यातून रोज रहदारी चालू होती. पुढे शहर वाढले तेव्हा रस्त्यांसाठी तट जागोजाग पाडला गेला आणि दरवाजे सुटे उभे राहिले.

जुन्या वास्तू जपून लोकांना दाखवायच्या, ही सरकारी जबाबदारी विसाव्या शतकात आली. हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते काढले आणि गुलाम यझदानी यांना त्याचे प्रमुख नेमले. मनमाड–हैदराबाद रेल्वे आधीच सुरू झाली होती. त्यामुळे अजिंठा-वेरूळला जाणाऱ्यांचा मुक्काम औरंगाबादला पडू लागला. लेण्यांच्या निमित्ताने आलेला पाहुणा मकबरा आणि पाणचक्की पाहून परतायचा. मराठवाड्यातल्या शाळांच्या सहलींनी हाच रिवाज पुढे चालवला: देवगिरी, वेरूळ, मकबरा, पाणचक्की आणि मग परतीची वाट. त्यामुळे घराघरांत या चार ठिकाणांचे फोटो आहेत आणि नौखंड्याचे नाव मात्र अनेकांनी ऐकलेलेही नाही.

तगलेल्या महालांची कहाणी उपयोगाची आहे. विद्यापीठाजवळच्या डोंगरपायथ्याचा सोनेरी महाल हा औरंगजेबाबरोबर आलेल्या बुंदेला सरदाराचा. त्याच्या भिंतींवर सोनेरी रंगाची चित्रे होती, त्यावरून हे नाव पडले. आज तिथे राज्याचे वस्तुसंग्रहालय आहे आणि पुढच्या प्रांगणात वेरूळ-अजिंठा महोत्सव भरत आला आहे. नौखंड्याच्या आवारात महिला महाविद्यालय आहे, किले अर्कात शासकीय महाविद्यालय. दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास यांची आठवण ‘आमखास मैदान’ या नावात उरली आहे. मोगलांच्या बागेचा हिमायतबाग झाला आणि तिथे कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. भडकल दरवाजाशेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. १४ एप्रिलला तिथे लोटणारी गर्दी पाहिली की चारशे वर्षांची वास्तू आजही शहराच्या मध्यभागी आहे, हे कळते.

दरवाजांच्या अडचणी वेगळ्या आहेत. खामच्या पुलांवरचे मकई, महमूद आणि बारापुल्ला हे दरवाजे घोडे आणि गाड्यांच्या मापाने बांधलेले. त्यांच्या कमानीखालून वर्षानुवर्षे मोटारी आणि टेम्पो गेले, दगड खरचटले. पैठण दरवाजा भर वाहतुकीत बेटासारखा उभा आहे. अलीकडे स्मार्ट सिटी योजनेतून काही दरवाजांची दुरुस्ती झाली. सिमेंट टाळून चुन्यात काम करणे त्यासाठी आवश्यक असते, कारण सिमेंटखाली जुना दगड श्वास घेत नाही आणि ओल आतच कोंडते.

या वास्तू पाहायच्या तर येण्याची वाटही विचारपूर्वक निवडावी. केदारखेड्याहून जालना मार्गे येणारा आज जालना रोडने थेट नव्या शहरात शिरतो. जुने शहर त्याच्या उजव्या हाताला राहते आणि वाटेत एकही दरवाजा लागत नाही. भोकरदन, सिल्लोड आणि फुलंब्री मार्गे आल्यास हर्सूलवरून, म्हणजे नहरीच्याच खोऱ्यातून, दिल्ली दरवाजापाशी पोहोचता येते. तिथून हिमायतबाग, रंगीन दरवाजा, आमखास, किले अर्क, भडकल आणि नौखंडा हे सारे पायी चालण्याच्या अंतरात आहे. महमूद दरवाजातून खाम ओलांडली की पाणचक्की, पुढे बेगमपुऱ्यात मकबरा आणि त्यापलीकडे डोंगराच्या पायथ्याशी सोनेरी महाल.