कारकुनाचा वाटा

माझे बाबा ३१ वर्षं एका दिवाणी वकिलांचे कारकून होते. साहेब कोर्टात उभे राहायचे, ऑफिस बाबा चालवायचे. तारखांची डायरी, नकलेचे अर्ज, स्टॅम्प, फीसाठी अशिलांच्या मागे लागणं, सगळं त्यांच्याकडे. गावाकडून आलेला अशील आधी बाबांनाच शोधायचा. साहेब गेले, त्यांच्या मुलाला वकिली करायची नव्हती, ऑफिस बंद झालं. बाबांना दोन महिन्यांचा पगार आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

"तुम्ही भागीदार का नाही झालात?" मी चिडून विचारलं होतं.

"वकील नसलेल्याला होता येत नाही गं."

मला वाटलं, हे अजून साहेबांचीच बाजू घेताहेत. पुढे लॉ कॉलेजात बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम वाचले आणि गप्प झाले. वकिलाने वकील नसलेल्याशी भागीदारी करायची नाही, फीमध्ये वाटा द्यायचा नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. पगार द्या, वाटा नाही.

यामागची भीती खोटी नाही. ब्रिटिश काळात आपल्याकडे कोर्टाच्या दारात अशील पकडून वकिलाकडे विकणाऱ्या दलालांचा एवढा सुळसुळाट होता, की १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्टाखाली त्यांच्या नावांची यादी कोर्टात टांगली जायची. शिवाय पैसा लावणारा नफा मागणारच. दावा आज तडजोडीत मिटवणं अशिलाच्या हिताचं असेल आणि मालकाला तो लढवणं फायद्याचं असेल, तर वकिलाने कोणाचं ऐकायचं?

या प्रश्नाचं उत्तर मेलबर्नच्या एका फर्मने कागदावर लिहून दिलं होतं. स्लेटर अँड गॉर्डन ही १९३५ साली सुरू झालेली, कामगारांच्या बाजूने लढणारी फर्म. विटनूमच्या अ‍ॅस्बेस्टॉस खाणीतल्या मजुरांच्या केसेस लढून तिने नाव कमावलं. न्यू साउथ वेल्सने २००१ पासून लॉ फर्मला कंपनी होण्याची आणि वकील नसलेल्यांनाही शेअर घेण्याची मुभा दिली, मग इतर राज्यांनीही. मे २००७ मध्ये स्लेटर अँड गॉर्डन शेअर बाजारात उतरली. जगातली अशी पहिलीच लॉ फर्म. माहितीपत्रकात क्रम ठरवलेला होता: आधी कोर्ट, मग अशील, शेवटी भागधारक.

क्रम सुंदर होता. पण शेअर बाजाराला दरवर्षी वाढ लागते. एका डॉलरला विकलेला शेअर २०१५ मध्ये आठ डॉलरच्या घरात गेला आणि त्याच वर्षी फर्मने ब्रिटनमधल्या क्विंडेल कंपनीचा अपघात-दाव्यांचा धंदा सुमारे ६३ कोटी ७० लाख पौंडांना घेतला, बराचसा नवे शेअर विकून आणि उरलेला कर्ज काढून. नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश सरकारने मान लचकल्याच्या छोट्या दाव्यांना लगाम घालायचं जाहीर केलं. शेअर एका दिवसात निम्म्यावर आला. पुढच्या आर्थिक वर्षअखेरीस तोटा १०० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त होता आणि २०१७ मध्ये मालकी जवळजवळ पूर्ण कर्ज देणाऱ्या फंडांकडे गेली. मजुरांसाठी उभी राहिलेली फर्म!

एवढं वाचून आपला नियमच बरा असं मला वाटलं असतं. पण वॉशिंग्टन डी.सी.मध्ये १९९१ पासून एक वेगळीच वाट आहे. तिथे वकील नसलेला माणूस भागीदार होऊ शकतो, मात्र तो स्वतः फर्ममध्ये काम करणारा हवा. नुसते पैसे लावून बसता येत नाही. इंग्लंडनेही २००९ मध्ये सुरुवात केली ती अशा भागीदारांना २५ टक्क्यांपर्यंत वाटा देऊन. बाहेरच्या गुंतवणूकदारांसाठी दार उघडलं ते नंतर. सावकार आणि कारकून हे दोन वेगळे लोक आहेत, एवढं या नियमांना दिसलं. आपल्या नियमाला दोघं सारखेच.

बाबांना मी मेलबर्नची सगळी गोष्ट सांगितली. ते घड्याळाला चावी देत होते. मला वाटलं, वाट्याबद्दल काही बोलतील.

"मग अशिलांच्या फायली कुठे गेल्या?"

"कुठेच नाही. फर्म चालू राहिली, मालक बदलले."

"म्हणजे तारखा चुकल्या नसतील," बाबा म्हणाले आणि घड्याळाची काच पुसायला लागले.