दापोड्याहून ओहोटीबरोबर

दापोड्याच्या गोदामात भर दुपार आहे. वरचा पत्रा तापलाय, फोर्कलिफ्टची पिरपिर कानात बसलीये आणि तुम्ही कटरने खोक्यांच्या चिकटपट्ट्या फाडताय. तो कटर खिशात टाका आणि चला. काल्हेरची खाडी जवळच आहे. ओहोटी लागलीये, तिच्याबरोबर वसईच्या खाडीतून समुद्रात शिरायचं आणि किनाऱ्याने डावीकडे वळायचं. वाटेत काही हजार वर्षं मागे जायचं, पण त्याला टोल नाही.

उतरा. हे मार्वे. पाय पोटरीपर्यंत गाळात जातो आणि पचकन आवाज करत वर येतो. तिवरांचा आंबूस वास, त्यात धूर, त्यात कालवांच्या कवचांच्या ढिगाची घाण. चिलटं तर थेट डोळ्यांत शिरतात. पोरंटोरं तुमच्या शर्टाची बटणं ओढतायत. त्यांच्या बोलीतलं तुम्हाला ओ की ठो कळत नाही, पण हसताहेत कुणाला ते कळतं.

एक म्हातारी तुम्हाला दंडाला धरून खाली बसवते. तुमच्या मांडीवर चामडं टाकते. ढिगातल्या दोन गारगोट्या उचलून एकेक टिचकावते. एक खणखणते, ती तुम्हाला. दुसरी बद्द वाजते, आत चीर असणार, ती पाण्यात. हा माल डोंगराकडून येतो: काळ्या कातळाच्या पोकळ्यांत धरतो, कातळ झिजला की सुटतो आणि ओढ्यातून खाली घरंगळतो.

आता गोटा घ्या आणि त्या गारगोटीवर मारा.

मधोमध मारलंत ना? सगळे तसंच करतात. हाताला झिणझिण्या आल्या, दगड जसाच्या तसा. म्हातारी तुमचं मनगट धरते, दगड तिरका करते आणि अगदी काठाशी बोट टेकवते. इथे. जोर नको, कोन हवा. ती स्वतः मारते तेव्हा ‘टिंग’ होतं आणि खालून नखाएवढी, उन्हात पलीकडचं दिसेल इतकी पातळ कपची सुटते. उचलायची घाई नको. उचललीत? बघा, रक्त.

तिची आठ वर्षांची नात अशा पात्याची एक कड टोचून टोचून बोथट करतेय. ती कड काठीच्या खाचेत जाते, धारेची बाहेर राहते. झाडाच्या राळेत कोळशाची पूड घालून ती आगीवर पातळ केलीये. तिचा कडवट धूर घशात जातो. ती खाचेत ओतली की एकामागून एक पाती तिच्यात रुततात आणि सुरी तयार. एखादं पातं मोडलं तर तेवढंच उपटून नवं बसवायचं. खिशातला कटर आठवला ना? बाहेर काढू नका. पोरगी बघेल आणि म्हणेल, यात काय नवीन.

तुमचा दगड एव्हाना सगळ्या बाजूंनी ठेचून निघालाय. म्हातारी तो हातात फिरवून बघते, ‘च्च’ करते आणि कचऱ्यात भिरकावते. लपवायला जाऊ नका. पुढे टॉड नावाचा एक इंग्रज मुंबईच्या किनाऱ्यावरचे असले दगड वेचत हिंडणार आहे, 1939 मध्ये इथल्या अश्मयुगीन हत्यारांवर निबंधही छापणार आहे. तुमचा दगड त्याला सापडलाच, तर त्या ठेचांवरून तो बिनचूक ओळखेल: इथे कुणीतरी शिकाऊ बसला होता.