प्रीती, भक्ती आणि संसार : ना. वा. टिळकांच्या ख्रिस्तोपासनेचा एक विचार

मन, बुद्धी आणि बळ यांपैकी काहीही हातचे राखून न ठेवता माणसाने देवावर प्रेम करावे, ही आज्ञा मूळची मोशेच्या नियमशास्त्रातील. येशूने तिला सर्व आज्ञांमध्ये अग्रस्थान दिले. रूढ मराठी बायबलात या आज्ञेचे क्रियापद ‘प्रीती करणे’ असे आहे. अनुवाद म्हणून त्यात काहीही वावगे नाही. परंतु देवाविषयीच्या निष्ठेसाठी मराठी माणसाच्या ओठी शतकानुशतके असलेला शब्द ‘भक्ती’ हा होय; आणि तो शब्द एकटा येत नाही. नामस्मरण, कीर्तन, संतसंग आणि विशेषतः स्वकर्मातच देव पाहण्याची वृत्ती, हे सर्व त्याच्याबरोबर येते. सावता माळ्याचा मळा, गोरोबाचा चिखल, जनाबाईचे जाते ही या वृत्तीची परिचित स्थळे. नारायण वामन टिळक यांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती उपासनेत हा दुसरा शब्द प्रतिष्ठित केला. त्याचे परिणाम केवळ काव्यापुरते राहिले नाहीत.

टिळकांच्या आयुष्यातील निर्णायक वळणाचा आरंभ नागपूरचा. संस्कृतज्ञ म्हणून ते येथील धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या पदरी होते. ‘ऋषी’ हे मासिकही त्यांनी याच काळात चालविले. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जात असताना आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. गिरिप्रवचनाने त्यांचे चित्त वेधले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या पावलाने संसार मोडला. लक्ष्मीबाई काही वर्षे विभक्त राहिल्या, पुढे पतीकडे परतल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या.

टिळकांपूर्वी मराठी ख्रिस्तभक्तीला देशी रूप नव्हते असे मात्र नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त ओवी आहे आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही आहे. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) भागातील ख्रिस्ती कीर्तनही टिळकांहून जुने आहे. म्हणून टिळकांनी ख्रिस्ती आशयाला हिंदू वेष चढविला, एवढ्यावर थांबणारे विवेचन अपुरे ठरते. वेष आधीच शिवला गेला होता. ख्रिस्ताला गुरू आणि माउली म्हणणाऱ्या टिळकांनी त्या संबोधनाची आचारातील किंमतही मोजू पाहिली, हे त्यांचे वेगळेपण. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. तो सेतू त्यांनी मागे जाळला नाही.

ही किंमत प्रथम घराने मोजली. घरी अनाथ व निराश्रित मुलांचा राबता असे. बालकवी ठोंबरे या घरी मुलासारखे राहिले, आणि राहिले ते ख्रिस्ती न होता. हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेपुढे क्षणभरही टिकत नसे. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून भागशः प्रकाशित) या ग्रंथात लक्ष्मीबाईंनी हे सारे हसत सांगितले आहे, पण त्या हसण्यात हिशेब चुकलेला नाही. सर्वस्व देवाला वाहणाऱ्या पुरुषाच्या घरात उद्याच्या पिठाची काळजी कोणी वाहावयाची, हा प्रश्न त्या ग्रंथात पानोपानी उभा आहे. टिळकांच्या चरित्रकारांनी या प्रश्नाकडे जेवढे लक्ष द्यावयास हवे होते तेवढे दिलेले नाही. मळ्यात राबणाऱ्या सावत्याची भक्ती मळाही पिकविते; टिळकांच्या भक्तीत ती तजवीज लक्ष्मीबाईंकडे होती. १९३३ साली नागपूर येथे भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या या बाईंची भक्ती स्वयंपाकघरातून सिद्ध झाली होती, आणि ती पतीच्या भक्तीहून उणी मानण्यास आधार नाही.

दुसरा पेच वेतनाचा. टिळक अमेरिकन मराठी मिशनचे वेतनभोगी सेवक होते. वेतन घेणे पाप नव्हे. परंतु वारकरी परंपरेत कीर्तनाचे मोल घेणे गैर मानले गेले आहे, आणि ‘भक्ती’ हा शब्द स्वीकारणाऱ्याला तो संस्कार टाळता येत नाही. शिवाय देशी ख्रिस्ती मंडळीने परक्या पैशावर किती काळ उभे राहावे, हा प्रश्न टिळकांना बराच काळ सलत होता. १९१७ साली त्यांनी मिशनची सेवा सोडली, साताऱ्यास बिऱ्हाड केले आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी त्यात एकत्र यावयाचे होते. ‘मंडळी’ हा चर्चसाठी रूढ असलेला शब्द बाजूस ठेवून त्यांनी ‘दरबार’ हा शब्द योजिला, ही निवड सूचक आहे. मंडळीला सभासदांची यादी लागते. दरबारात अर्ज घेऊन कोणीही उभा राहू शकतो.

या प्रयोगाला दोन वर्षेही लाभली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. अर्धवट राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. त्यातील बहुतेक अध्याय त्यांच्या लेखणीतून उतरले आहेत.